सव्वादोन रुपयांचा डॉलर

खिशात हात घाला. चांदीचं एक जाडजूड नाणं बोटांना लागेल. त्यावर स्पेनच्या राजाचा मुखवटा आहे, आणि ते मेक्सिकोच्या टांकसाळीत पाडलेलं आहे. तुम्ही उभे आहात फिलाडेल्फियात, अमेरिकेच्या सध्याच्या राजधानीत. महिना ऑक्टोबर, साल १७९४. स्वातंत्र्याची घोषणा होऊन अठरा वर्षं झाली, तरी भाजीवालीपासून जहाजमालकापर्यंत सगळ्यांचा व्यवहार अजून या परक्या राजाच्या चांदीवर चाललाय. गेल्या वर्षीच्या पीतज्वरात या शहरानं सुमारे पाच हजार माणसं गमावली. दुकानं आता पुन्हा उघडली आहेत, रस्त्यावर गाड्यांचा खडखडाट आहे. सेव्हन्थ स्ट्रीटवर उत्तरेकडे वळा आणि विटांच्या त्या तीन मजली इमारतीपाशी थांबा. ही अमेरिकेची टांकसाळ, नव्या संघराज्यानं स्वतःसाठी बांधलेली पहिली इमारत.

कायदा झाला २ एप्रिल १७९२ ला. डॉलर किती वजनाचा, कस किती, ईगल नावाचं दहा डॉलरचं सोन्याचं नाणं कसं असावं, सगळं त्यात लिहिलेलं आहे. तरीही गेल्या वर्षी या दारातून फक्त तांब्याचे सेंट आणि अर्धे सेंट बाहेर पडले. कारण असं, की सोन्याचांदीला हात लावण्याआधी नाणी पाडणाऱ्या प्रमुखानं आणि कस पाहणाऱ्या अधिकाऱ्यानं प्रत्येकी १०,००० डॉलरचा जामीन द्यावा अशी अट होती. हेन्री व्हॉइट आणि आल्बिअन कॉक्स ही कारागीर माणसं. एवढी रक्कम त्यांनी आणायची कुठून? शेवटी यंदाच्या मार्चमध्ये काँग्रेसनं व्हॉइटचा जामीन ५,००० वर आणि कॉक्सचा १,००० वर आणला, तेव्हा कुठं चांदी भट्टीत गेली.

आत या. मागच्या अंगाला घोडे आहेत. त्यांच्याच ताकदीवर लाटणयंत्र फिरतं आणि चांदीच्या कांबीची पट्टी होते. पट्टीतून चकत्या कापतात. त्या चकत्या जिथं जातात, त्या टेबलापाशी जरा वेळ काढा. अमेरिकेचं जुनं नाणं वाचायला शिकायचं असेल, तर शाळा इथं आहे.

टेबलावर एक नाजूक तराजू आहे. एका पारड्यात ४१६ ग्रेनचं वजन, म्हणजे जवळजवळ २७ ग्रॅम. दुसऱ्या पारड्यात चकती. चकती जड निघाली, तर कामगार तिला डाव्या हाताच्या बोटांत धरतो आणि कानस फिरवतो. दोन-चार घासे, पुन्हा तराजू, पुन्हा एखादा घासा. खाली अंथरलेल्या कातड्यावर चांदीची भुकटी पडते. तिचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही. कानशीचे समांतर ओरखडे चकतीवर राहतात. पुढं ठशाचा दाब पडला तरी ते सगळेच बुजत नाहीत. दोनशे वर्षांनी भिंगाखाली ते दिसतील, तेव्हा नवखा संग्राहक म्हणेल की नाणं कोणी तरी खरवडलंय. जाणकार मात्र ओरखडा अक्षराच्या खालून जातो की वरून, हे पाहील. खालून जात असेल, तर तो या टेबलावरचा. पुढच्या वर्षी हे काम करायला सेरा वॉल्ड्रेक आणि रेचल समर्स या दोन स्त्रिया नेमल्या जातील. अमेरिकी सरकारच्या नोकरीतल्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

आणि चकती हलकी निघाली तर? बहुतेक वेळा ती परत मुशीत जाते. पण कधी कधी तिच्या मध्यावर बारीक भोक पाडून त्यात चांदीची छोटी खुंटी बसवतात. मग वजन भरतं, आणि ठशाच्या दाबानं खुंटी चपटी होऊन नाण्यात मिसळून जाते. पूर्णपणे मिसळत नाही, कडा दिसतेच.

आता दाबयंत्राकडे. भला मोठा स्क्रू, वर आडवा दांडा, दांड्याच्या टोकांना वजनं. माणसं दांडा ओढतात, स्क्रू फिरत खाली येतो, जमीन हादरते. खाली बसलेला माणूस चटकन नाणं काढून पुढची चकती सरकवतो. बोटं जपायची ती त्यानंच. रॉबर्ट स्कॉटनं कोरलेल्या ठशात मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवता आहे, भोवती पंधरा तारे, उलट बाजूला पानांच्या वलयातला गरुड. पण हे यंत्र लहान नाण्यांसाठी आणलेलं, एवढ्या मोठ्या चकतीला त्याचा जोर पुरत नाही. त्यात दोन्ही ठसे एकमेकांशी नीट समांतर बसलेले नाहीत. बाहेर पडणारं नाणं हातात घ्या आणि डावीकडचे तारे बघा, सालाचा पहिला आकडा बघा. पुसट आहेत ना? आज पाडलेली सगळी नाणी डाव्या अंगाला अशीच पुसट आहेत. ज्यांची अगदीच उमटली नाहीत ती बाजूला काढली जातात. १५ तारखेला व्हॉइट १,७५८ डॉलर सोपवतो. चांदी भरली होती टांकसाळीचे संचालक, खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांनीच, म्हणून नाणीही त्यांच्याच हाती जातात, आणि तिथून आठवण म्हणून, कुतूहल म्हणून माणसामाणसांत पसरतात. मोठं यंत्र येईपर्यंत, म्हणजे पुढच्या वसंतापर्यंत, डॉलरचं काम बंद.

त्या १,७५८ पैकी आज सव्वाशे-दीडशे उरली असावीत. जानेवारी २०१३ मध्ये त्यातलं एक लिलावात १,००,१६,८७५ डॉलरला गेलं. तोवर जगातलं कुठलंच नाणं लिलावात इतक्याला गेलं नव्हतं. ते नाणं मोठं करून पाहिलं तर त्याच्या पोटात चांदीची खुंटी दिसते आणि अंगावर कानशीचे ओरखडे. अनेक अभ्यासकांच्या मते या ठशांतून सर्वांत आधी पाडलं गेलं ते हेच. मला या नाण्याचं मोल त्या दोन खुणांत दिसतं. एखाद्या राष्ट्राचा पहिला डॉलर वजनाला खरा उतरावा म्हणून कोणी तरी आधी त्यात चांदी भरली आणि मग जास्तीची घासून काढली. एवढा प्रामाणिकपणा धातूवर सहसा लिहिलेला सापडत नाही.

पुढच्या वर्षी, १७९५ च्या उन्हाळ्यात, सोनं सुरू होतं: जुलैअखेर पाच डॉलरचा अर्ध-ईगल, सप्टेंबरमध्ये दहाचा ईगल. बावीस कॅरट सोनं, ईगलचं वजन साडेसतरा ग्रॅम. सुंदर नाणी आहेत. पण तुम्ही त्यांच्या मागोमाग बाजारात गेलात तर ती दिसणार नाहीत, कारण कायद्यातलं गणित चुकतंय. कायद्यानं एक भार सोन्याची किंमत पंधरा भार चांदी धरली. युरोपात त्याच सोन्याला साडेपंधरा भार चांदी मिळते. मग व्यापारी काय करणार? इथं चांदी द्यायची, सोन्याची नाणी घ्यायची, पिंपात भरून जहाजावर चढवायची. लंडन-पॅरिसला ती वितळतात. १८०४ मध्ये ईगल बंदच करावा लागला. चांदीच्या डॉलरचीही तीच गत, वाट मात्र निराळी. वेस्ट इंडिजमध्ये लोक अमेरिकी डॉलर स्पॅनिश डॉलरच्या बरोबरीनं घेत, आणि स्पॅनिश डॉलरात चांदी किंचित जास्त. त्यामुळे कोरे डॉलर तिकडं जात, झिजलेले नसतील असे स्पॅनिश इकडं येत आणि टांकसाळीत भरून त्यांचे पुन्हा डॉलर करून घेतले जात. टांकसाळ रात्रंदिवस राबून परदेशी मुशींचं पोट भरत होती. १८०४ मध्ये डॉलरही थांबला.

तीस वर्षं पुढं या. ऑगस्ट १८३४. नवा कायदा लागू झालाय, सोन्याच्या नाण्यातलं सोनं कमी केलंय, आणि त्या क्षणापासून जुना ईगल धातूच्या भावानं दहा डॉलर सहासष्ट सेंटांचा झालाय. एका दलालाच्या दुकानात तुम्ही उभे आहात. त्याच्या पुढ्यात जुन्या अर्ध-ईगलांचा ढीग आहे. वरचाच उचला. साल १८२२. टांकसाळीच्या वहीत त्या वर्षी १७,७९६ अर्ध-ईगलांची नोंद आहे, आणि आज तुमच्या हातातलं नाणं कुणालाच विशेष वाटत नाही. पाच डॉलरचं नाणं मोडीत पाच डॉलर तेहेतीस सेंट देतं. दलालाच्या दृष्टीनं हिशेब इथंच संपतो. तो तुमच्या हातून ते घेतो आणि मुशीत टाकतो. कडा आधी वाकतात, मग देवतेचा चेहरा जातो, मग तारे. त्या सालाची जगात तीन नाणी उरली आहेत. दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये कायमची ठेवलेली. तिसरं मार्च २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरला विकलं गेलं. बाकीची अशाच मुशींतून गेली, आणि ज्यांनी ती टाकली त्यांनी काहीही गैर केलं नाही. दुर्मीळ म्हणतो ते सोनं असं सरळ, चोख हिशेबानं दुर्मीळ झालंय.

त्याच वर्षीचा नोव्हेंबर. टांकसाळ आता चेस्टनट स्ट्रीटवर, संगमरवरी खांबांच्या नव्या इमारतीत आलीय. परराष्ट्रमंत्री जॉन फोर्सिथ यांचं पत्र संचालक सॅम्युएल मूर यांच्या टेबलावर आहे. मस्कतचे सुलतान आणि सयामचे राजे यांना भेट द्यायची आहे. देशाच्या प्रत्येक नाण्याचा एकेक उत्तम नमुना हवा. मोरोक्को चामड्याच्या पेट्या करा, आत मखमल असू द्या, एक पिवळी आणि एक किरमिजी.

नाणी पाडणारे प्रमुख आता अ‍ॅडम एकफेल्ट. वय पासष्ट. टांकसाळ उघडत होती तेव्हा हा विशीतला तरुण लोहारकाम करायला इथं येत असे. संस्थेच्या सगळ्या आयुष्याचा हा जिवंत साक्षीदार. कुणी जुनं, विशेष नाणं वितळवायला आणून टाकलं, तर हा माणूस त्याच्या मोबदल्यात दुसरं नाणं घालून ते बाजूला काढून ठेवतो. पुढं १८३८ मध्ये टांकसाळीचा जो अधिकृत संग्रह होईल, त्याचं बी हेच. मुशीच्या इतक्या जवळ उभं राहून नाणं वाचवणाऱ्या या माणसाला अमेरिकी नाणेसंग्रहाचा पहिला पुरुष म्हणायला मी तयार आहे.

एकफेल्टपुढं अडचण आहे. डॉलर आणि ईगल ही कायद्यानं अजून देशाची नाणी, पण तीस वर्षांत एकही पाडलेलं नाही. भेटीत ती हवीतच. साल कुठलं घालायचं? वही उघडली जाते. १८०४: चांदीचे डॉलर, १९,५७०. तर मग १८०४ घाला. वही खोटं बोलत नव्हती, तेवढे डॉलर त्या वर्षी खरोखर पाडले होते. फक्त ठसे जुने वापरलेले होते आणि त्यांवर साल १८०३ होतं. १८०४ लिहिलेला डॉलर १८०४ मध्ये एकही पडला नाही.

नवा डॉलर आरशासारखा चकाकतोय. तो उभा धरा आणि कड बघा. जुन्या पद्धतीप्रमाणे चकती आधी दोन पट्ट्यांमधून फिरवून कडेवर अक्षरं उठवली आहेत: हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट. पण नंतर चकती पोलादी कड्यात बसवून छापली, त्यामुळे दाबानं ती कड्याला भिडली आणि अक्षरं चेपली गेली. असं पोलादी कडं १८०४ मध्ये डॉलरला कुणी वापरत नव्हतं. तोंडावर एक साल, कडेवर दुसराच काळ. संग्राहकांना ही चेपलेली अक्षरं समजायला शंभरावर वर्षं लागणार आहेत.

आता जहाजावर चढा. पीकॉक नावाची युद्धनौका, एप्रिल १८३५ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेली. दूत एडमंड रॉबर्ट्स यांच्या सामानात त्या पेट्या आहेत. सप्टेंबरात अरबी किनाऱ्याजवळ मसीरा बेटापाशी जहाज प्रवाळावर चढतं. हलकं करण्यासाठी तोफा समुद्रात ढकलल्या जातात, आणि रॉबर्ट्स मूठभर माणसं घेऊन लहान होडीतून मस्कतकडे निघतो. जहाज सुटतं, पण तळ फाटलाय. मस्कतला सुलतान सय्यद सईद यांच्याशी कराराची देवाणघेवाण झाल्यावर दुरुस्तीसाठी ते येतं मुंबईला.

मुंबई, १८३५ ची अखेर. पीकॉक गोदीत आहे, सुतार तळाचे पत्रे काढताहेत, आणि सयामच्या राजाची पिवळी पेटी अजून पोचायची आहे. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध नाण्यांपैकी एक त्या आठवड्यांत आपल्या बंदरात होतं! ज्या शहरातून ते गेलं, तिथल्या कुणालाही त्याची चाहूल लागली नाही, आणि आजही फार थोड्यांना ते माहीत आहे.

गोदीतून उत्तरेला चालत जा. नव्या टाउन हॉलजवळच मुंबईची टांकसाळ आहे, आणि तिथली नाणी पाडायची यंत्रं वाफेवर चालतात. फिलाडेल्फियात माणसं अजून दांडा ओढताहेत. तिथं वाफेवर पहिलं नाणं पडेल ते पुढच्या वर्षी, मार्च १८३६ मध्ये. इकडं कंपनी सरकारचा नवा चलनकायदाही सप्टेंबरपासून लागू झालाय: साऱ्या मुलखात एकच रुपया, विल्यम राजाच्या मुखवट्याचा, बरोबर एक तोळा म्हणजे १८० ग्रेनचा. अंकुशी, चांदवडी, हाली असे नाना रुपये बाजारात आहेत, प्रत्येकाचा बट्टा वेगळा, आणि तो पाठ असणं हीच सराफाची विद्या.

अशाच एका सराफाच्या गादीपाशी बसा. पेटीतला डॉलर तुम्ही आणू शकत नाही, पण त्याचा कायद्यातला भार आणि कस तुम्हाला पाठ आहे. सांगा त्याला: वजन ४१६ ग्रेन, त्यात शुद्ध चांदी सव्वातीनशे एकाहत्तर, छे, नीट सांगा, तीनशे एकाहत्तर आणि पाव. नव्या रुपयात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. सराफ क्षणभर डोळे मिटतो.

“सव्वादोन रुपये, शेट. चोख सव्वादोन. बट्टा मात्र निराळा पडेल. हा शिक्का इकडं कोण ओळखणार?”

भागाकार करून बघा, त्याचा हिशेब तंतोतंत बरोबर आहे. सयामचा तो सगळा संच २००५ मध्ये सुमारे ८५ लाख डॉलरला विकला गेला. मस्कतला गेलेला मानला जाणारा डॉलर एकटाच १९९९ मध्ये ४१ लाख ४० हजारांना. सराफ चुकला नाही. त्यानं चांदी तोलली.

पुढचा प्रवास झपाट्यानं होतो. एप्रिल १८३६ मध्ये पेटी बँकॉकला पोचते. जूनमध्ये रॉबर्ट्स मकाऊला आजारानं मरण पावतो. तिकडं फिलाडेल्फियात त्या ठशांतून काढलेले काही जादा डॉलर टांकसाळीतच राहिलेले असतात. ९ मे १८४३ ला सेलम गावचा व्यापारी मॅथ्यू स्टिकनी तिथं जातो आणि १८०४ चा डॉलर मागतो. बदल्यात तो काय ठेवतो पाहा: ‘इम्यून कोलंबिया’ छापाचं १७८५ चं सोन्याचं नाणं, ज्याच्यासारखं दुसरं जगात माहीत नाही. देवघेव टांकसाळीच्या टेबलावर, उघडपणे होते. मला हा सौदा फार आवडतो. दोघांनाही समोरच्याकडचं नाणं मनापासून हवं होतं आणि पैसा मध्ये आलाच नाही.

सगळे सौदे असे निर्मळ नव्हते. १८५७ मध्ये जुना मोठा तांब्याचा सेंट बंद झाला, लोक आठवणीसाठी जुनी नाणी जमवू लागले, आणि १८५८ च्या सुमारास टांकसाळीतल्याच काही जणांनी १८०४ चे डॉलर गुपचूप पुन्हा पाडून बाहेर विकले. त्यांच्या कडा कोऱ्या होत्या. बोभाटा झाल्यावर ते परत मिळवून नष्ट केले. एक राहिला. तो स्वित्झर्लंडच्या १८५७ च्या एका रुपेरी नाण्यावरच छापलेला आहे, आणि नीट पाहिलं तर खालची स्विस अक्षरं अजून वाचता येतात. नंतर आणखी काही पाडले, त्या वेळी कडेवर अक्षरं उठवायला ते विसरले नाहीत.

खरं काय ते कळलं १९६२ मध्ये. एरिक न्यूमन आणि केनेथ ब्रेसेट यांनी वर्षानुवर्षं कागदपत्रं, ठसे आणि कडा तपासून १८०४ च्या डॉलरवर ग्रंथ लिहिला. तो छापखान्यात असतानाच लंडनचे एक नाणेविक्रेते डेट्रॉइटच्या अधिवेशनात एक जुनी पिवळी पेटी घेऊन आले. आत सयामचा संच होता, १८०४ च्या डॉलरसह. लेखकांनी जे मांडलं होतं त्याला त्या पेटीनं दुजोरा दिला, आणि पानं बदलून पेटीची हकीकत ग्रंथात घातली गेली.

आता परत आजच्या दिवसात या. तुम्हाला यातलं एखादं नाणं स्वतःच्या तळहातावर हवं असेल, तर ते अशक्य नाही. १८३४ चा चांदीचा अर्धा डॉलर शोधा. त्या वर्षी साठ लाखांहून अधिक पाडले गेले. डॉलर बंद असल्यामुळे बँका हेच नाणं पोत्यांनी तिजोरीत ठेवत, हातोहाती फार फिरत नसे, म्हणून चांगल्या अवस्थेत भरपूर उरलंय. किंमत काही शे डॉलर. वर्ष तेच, इमारत तीच, दांडा ओढणारे हात तेच, वर देखरेख एकफेल्टची, आणि सालही खरं. घासूनपुसून चकचकीत केलेलं घेऊ नका. चांदीवर दोन शतकांत चढलेली काळसर झाक असू द्या, ती गेली की नाण्याची निम्मी किंमत गेली. पैसे मोजण्याआधी ते उभं धरून कड वाचा: फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर. अक्षरांऐवजी नुसत्या उभ्या रेघा दिसल्या, तर ते १८३४ चं नाही. वाफेच्या यंत्रावरची कड १८३६ च्या अखेरीस आली. विक्रेत्याला नाणं परत द्या आणि पुढचं मागा.